सर्व्हो उलटा फिरवायचा तर दोन जोड्या बदला

रिमोटवर उडणारी विमाने बनवणाऱ्या नाशिकच्या मुलांसमोर फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या, एकत्र खाली येणाऱ्या झडपा) बसवताना एक पेच हमखास उभा राहतो. दोन्ही पंखांत एकेक सर्व्हो (सिग्नलप्रमाणे हव्या तेवढ्या कोनात फिरणारी छोटी मोटार) बसवला, वाय केबलने दोघांना रिमोटचा सिग्नल घेणाऱ्या रिसीव्हरच्या एकाच चॅनेलला जोडले, रिमोटचा स्विच दाबला, की एक फ्लॅप खाली जातो आणि दुसरा वर. रिमोटमध्ये सर्व्होची दिशा उलटी करण्याची सोय असते, पण ती इथे कामाची नाही. सिग्नल दोघांना एकच मिळत असल्याने दोघेही उलटतात आणि भांडण तसेच राहते.

डावा आणि उजवा सर्व्हो आरशातल्या प्रतिबिंबासारखे समोरासमोर बसतात. दोघे एकाच दिशेने फिरले की एकाचा पुशरॉड, म्हणजे झडपेला ढकलणारी दांडी, पुढे सरकतो, दुसऱ्याचा मागे. विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखांवरच्या झडपांना, म्हणजे एलेरॉनला, नेमके हेच हवे असते. फ्लॅप मात्र दोन्ही बरोबरच खाली आले पाहिजेत. म्हणजे एकच सर्व्हो उलटा करायला हवा.

त्यासाठी सर्व्होच्या आत डोकवावे लागते, आणि खरी गंमत तिथेच आहे. रिसीव्हर साधारण दर २० मिलिसेकंदांनी एक स्पंद पाठवतो. स्पंद १.५ मिलिसेकंदांचा असेल तर आर्म, म्हणजे पुशरॉड अडकवायचा सर्व्होचा हात, मध्यावर राहतो. १ आणि २ मिलिसेकंद ही साधारण दोन टोके. शेवटच्या गिअरच्या आसाला पोटेन्शिओमीटर जोडलेला असतो. आर्म या क्षणी कुठे आहे, हे तो व्होल्टेजच्या रूपात सर्किटला कळवतो. कुठे जायचे आणि कुठे आहोत यांतला फरक सर्किट काढते आणि तो मिटेपर्यंत मोटार फिरवते.

आता मोटारीच्या दोन वायर अदलून सोल्डर केल्या तर? मोटार उलटी फिरेल हे खरे, पण पोटेन्शिओमीटर जुन्याच हिशेबाने बोलत राहील. फरक मिटवायला निघालेली मोटार तो वाढवत जाईल, सर्किट आणखी जोर लावेल आणि आर्म टोकाला जाऊन अडकेल. मोटार तापेल, गिअरचे दातही तुटू शकतात. म्हणून पोटेन्शिओमीटरच्या बाहेरच्या दोन वायरही अदलाव्या लागतात. मधली तशीच ठेवायची. हालचाल आणि तिची खबर, दोन्ही उलटल्या की सर्व्हो पुन्हा शहाण्यासारखा वागतो, फक्त विरुद्ध दिशेने. मध्य किंचित सरकलेला असतो, तो जुळवून घ्यावा.

हे जुन्या साध्या अ‍ॅनलॉग सर्व्होंचे झाले. प्रोग्रॅम करता येणाऱ्या डिजिटल सर्व्होंत दिशा सेटिंगमध्येच बदलते. वायरीत जोडायचा छोटा रिव्हर्सरही मिळतो; तो १.२ मिलिसेकंदांच्या स्पंदाचा १.८ करतो, म्हणजे ३ मधून वजा. माझ्या मते मात्र सगळ्यात चांगला उपाय बिनखर्चाचा आहे: एका पंखातला पुशरॉड आर्मच्या दुसऱ्या बाजूच्या भोकात अडकवायचा. सोल्डरिंग नाही, जास्तीचा जोड नाही, बिघडायला काही नाही.

उलट्या दिशेची चूक मोठ्या विमानांतही झाली आहे. २३ ऑगस्ट १९४७ रोजी इंग्लंडमध्ये वुडफर्डला अ‍ॅव्ह्रो ट्यूडर विमान उड्डाण करताच कोसळले. देखभालीत एलेरॉनच्या केबल उलट्या जोडल्या गेल्या होत्या. लँकेस्टर बॉम्बरचे रचनाकार रॉय चॅडविक त्यात गेले. नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या कारखान्यात मिग आणि सुखोई बनली. उडवण्यापूर्वी दिशा तपासायची, हा नियम तिथल्या विमानांना आणि थर्माकोलच्या मॉडेलला सारखाच लागू आहे.

उडवण्यापूर्वी विमानाच्या मागे उभे राहा. रिमोटची स्टिक उजवीकडे नेली की उजवा एलेरॉन वर आणि डावा खाली गेला पाहिजे. स्टिक स्वतःकडे ओढली की शेपटीवरची आडवी झडप, म्हणजे एलिव्हेटर, वर. शेपटीवरची उभी झडप, म्हणजे रडर, स्टिकच्या बाजूलाच वळला पाहिजे. नुसते काहीतरी हलते आहे एवढे पाहून भागत नाही, दिशा पाहायची. एका रिमोटवर अनेक मॉडेल साठवली असतील तर ही तपासणी दर वेळी करा, कारण दिशेची सेटिंग मॉडेलागणिक वेगळी असते आणि यादीतून चुकीचे मॉडेल निवडले तरी सर्व्हो हलतातच.