पाटीसाठी आम्ही 'मुक्त' का सुचवतो?

दुकानाची पाटी, दरपत्रक किंवा बाटलीवरचं लेबल करायला आलात, की आम्ही आधी 'मुक्त' हा फॉन्ट दाखवतो. मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षररचनाकारांच्या गटाने तो केला आहे. त्याचा परवाना खुला असल्याने फॉन्टचे वेगळे पैसे लागत नाहीत.

बोरूच्या, म्हणजे तिरक्या टोकाच्या लेखणीच्या, वळणात रेघ कुठे जाड होते, कुठे बारीक. लग्नपत्रिकेवर ती शोभते, तिथे आम्हीही तेच वळण सुचवू. पाटी मात्र चालत्या गाडीतून वाचली जाते आणि लांबून पाहताना बारीक रेघ आधी दिसेनाशी होते. 'मुक्त'मध्ये रेघेची जाडी जवळपास सारखी राहते. घ-ध किंवा म-भ यांतला फरक शिरोरेषेजवळच्या एवढ्याशा गाठीवर आणि मोकळ्या जागेवर ठरतो; ती जागा इथे नीट उघडी ठेवली आहे. अक्षर स्वतःकडे लक्ष वेधत नाही, नाव वाचून होतं. आम्हाला हाच त्याचा मोठा गुण वाटतो.

फॉन्टमध्ये सात जाड्या आहेत. 'सगळ्यात ठळक करा' असा आग्रह बहुतेकांचा असतो, पण फार जाड अक्षरात 'क्ष', 'द्ध', 'ष्ट' यांच्या पोटातली जागा भरून येते आणि लांबून नुसता डाग दिसतो. अगदी बारीक जाडी व्हिनाइल कटिंगला, म्हणजे चिकट प्लास्टिकमधून अक्षरं कापायला, चालत नाही, रेघ सोलून निघते. पाटीला मधली किंवा तिच्या वरची जाडी घ्यावी. दोन ओळी असतील तर मध्ये ऐसपैस जागा सोडू द्या: वर रफार-वेलांट्या, खाली उकार, त्यांना श्वास घ्यायला हवा.

अ‍ॅक्रिलिकमध्ये शिरोरेषेमुळे शब्दातली अक्षरं जोडून कापता येतात. अनुस्वार मात्र सुटा तुकडा असतो, तो आम्ही पिन घालून बसवतो. नुसत्या गोंदावर बसवला तर पावसाळ्यात गळतो.

इंग्रजी नावही हवं असेल, तर याच फॉन्टमधली रोमन अक्षरं वापरू, दोन्ही लिप्या एका वजनाच्या दिसतात. महाराष्ट्रात २०२२ च्या कायदादुरुस्तीनुसार दुकानाच्या पाटीवरची मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असून चालत नाहीत, म्हणून आकार तुमच्यासमोर मोजून ठरवतो.

मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून पाठवा, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलेलाही चालतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली फाइल असेल तर सोबत छापील प्रत द्या, कारण फॉन्ट बदलला की त्यातली अक्षरं विस्कटतात. कापण्याआधी नमुना देऊ. त्यात 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे आहेत ना, 'दऱ्या'चा 'दर्या' झालेला नाही ना, एवढं घरच्या कुणाकडून तरी वाचून घ्या आणि मगच सही करा.