जुन्या डार्टमधला ओव्हरड्राइव्ह: एका गिअरची पार्श्वभूमी

अमेरिकेत क्रायस्लर कंपनीच्या डॉज डार्ट आणि प्लिमथ व्हॅलियंट ह्या जुन्या छोट्या गाड्या आवडीने चालवणारे लोक आजही आहेत. त्यांच्या बोलण्यात एक विषय हटकून निघतो: मूळचा तीन गिअरचा बॉक्स काढून ओव्हरड्राइव्हवाला बसवावा का? उद्देश शर्यतीचा नसतो, पेट्रोल वाचवायचा असतो. बऱ्याच जणांना ही हौशी मिस्त्रीगिरी वाटते. मला तसं वाटत नाही. ह्या गाड्या बनत होत्या तेव्हा ओव्हरड्राइव्ह उपलब्ध होता, तीस वर्षांचा जुना होता. पेट्रोल स्वस्त होतं म्हणून तो ह्या गाड्यांना मिळाला नाही, इतकंच.

आधी तो काय करतो ते बघू. साध्या गिअरबॉक्समध्ये टॉप गिअर ‘डायरेक्ट’ असतो, म्हणजे इंजिन जितकं फिरेल तितकाच प्रॉपेलर शाफ्ट (मागच्या अॅक्सलकडे जाणारा दांडा) फिरतो. वेग कमी करण्याचं उरलेलं काम मागच्या अॅक्सलमधली क्राऊन-पिनियन ही दातचक्रांची जोडी करते. ओव्हरड्राइव्हमध्ये शाफ्ट इंजिनापेक्षा जास्त फिरतो. ०.७३ गुणोत्तराचा ओव्हरड्राइव्ह असेल तर इंजिनाच्या ७३ फेऱ्यांत शाफ्टच्या १०० फेऱ्या होतात.

मोटारींमध्ये हे १९३४ सालीच आलं होतं. क्रायस्लर आणि डीसोटोच्या ‘एअरफ्लो’ गाड्यांना बोर्ग-वॉर्नर ह्या सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीचा ओव्हरड्राइव्ह मिळत असे. मुख्य गिअरबॉक्सच्या मागे एक छोटा ग्रहचक्री संच, म्हणजे मधल्या दातचक्राभोवती फिरणाऱ्या छोट्या चक्रांचा संच, जोडलेला असायचा. ठरावीक वेगाच्या वर गेल्यावर अॅक्सिलरेटरवरून क्षणभर पाय उचलला की मधलं दातचक्र जागीच अडकायचं आणि गाडी ओव्हरड्राइव्हमध्ये जायची. पन्नासच्या दशकात स्टुडबेकर, नॅश, फोर्ड असे अनेक जण तो जादा पैसे घेऊन देत होते. १९५०ची नॅश रॅम्बलर ही त्या काळची छोटी गाडी. १९५१च्या मोबिलगॅस इकॉनॉमी रन ह्या पेट्रोल वाचवण्याच्या स्पर्धेत ओव्हरड्राइव्ह बसवलेल्या रॅम्बलरने गॅलनला ३१ मैलांहून थोडं जास्त अॅव्हरेज दिलं, म्हणजे लिटरला सुमारे १३ किलोमीटर. छोट्या गाडीत ह्या गिअरने काय साधतं, ते अमेरिकेला तेव्हाच कळलेलं होतं.

मग तो मागे पडला. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची चटक लागली. त्यात टॉप गिअर डायरेक्टच असे, आणि वेगळा ओव्हरड्राइव्ह जोडण्याऐवजी अॅक्सलचंच गुणोत्तर कमी करून इंजिन शांत ठेवणं कारखान्यांना सोपं आणि स्वस्त पडलं. १९६०च्या मॉडेलला व्हॅलियंट आली, आणि १९६३पासून डार्ट तिच्याच जातीची छोटी गाडी झाली. दोघींना तीन गिअरचा मॅन्युअल किंवा तीन गिअरचा टॉर्कफ्लाइट ऑटोमॅटिक मिळायचा. १९६४पासून ए-८३३ नावाचा चार गिअरचा दणकट बॉक्सही आला, पण तो ताकदीच्या हौशीसाठी होता आणि त्याचाही चौथा गिअर डायरेक्टच होता.

ह्या गाड्यांचं इंजिन मात्र ओव्हरड्राइव्हसाठीच घडवल्यासारखं होतं. सहा सिलिंडरचं, एका बाजूला ३० अंश कललेलं ‘स्लँट सिक्स’. त्याच्या २२५ घनइंची, म्हणजे ३.७ लिटरच्या प्रकारात बोअर (सिलिंडरचा व्यास) ३.४ इंच आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ४.१२५ इंच. स्ट्रोक लांब असल्यामुळे ते कमी आरपीएमवरही नेटाने ओढतं. अशा इंजिनाला हायवेवर विनाकारण फिरवत ठेवणं म्हणजे इंधन वाया घालवणं.

ते कसं, हे नीट समजून घ्यावं लागतं, कारण गैरसमज इथेच होतात. ‘इंजिन कमी फिरलं म्हणून पेट्रोल कमी लागलं’ हे अर्धंच खरं आहे. सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जायला गाडीला इंजिनाच्या एकूण ताकदीचा थोडाच भाग लागतो. मग थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, जेमतेम उघडं असतं, आणि त्या अरुंद फटीतून हवा ओढण्यातच इंजिनाची बरीच मेहनत जाते. आरपीएम उतरवला की तेवढीच ताकद काढायला थ्रॉटल जास्त उघडावं लागतं, ही ओढाताण कमी होते, शिवाय आतलं घर्षणही घटतं. फायदा होतो तो ह्या दोन्हींमुळे.

हे आकडे मुद्दाम मांडून बघण्यासारखे आहेत. अॅक्सल ३.२३चं (चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या ३.२३ फेऱ्या) आणि टायरचा व्यास २५ इंच धरला, तर ताशी ६० मैलांना, म्हणजे सुमारे ९७ किलोमीटरला, डायरेक्ट टॉपमध्ये इंजिन २६००च्या आसपास फिरतं. ०.७३चा ओव्हरड्राइव्ह लावला की १९०० होतं. स्लँट सिक्स १९००ला मजेत चालतं. पण त्याच गाडीला २.७६चं अॅक्सल असेल, आणि ऑटोमॅटिकवाल्या कितीतरी गाड्यांना ते असतं, तर डायरेक्टमध्येच ती सव्वाबावीसशेवर असते आणि ओव्हरड्राइव्हमध्ये थेट सोळाशेवर येते. तिथे जरा चढ आला की इंजिन धापा टाकायला लागतं, पाय खाली जातो, आणि वाचलेलं पेट्रोल परत खर्च होतं. अॅक्सल कोणतं हे न बघता गिअरबॉक्स बदलणाऱ्यांची निराशा बहुतेक वेळा ह्याच कारणाने होते. त्यांनी आधी अॅक्सल ३.२३ किंवा ३.५५चं करायला हवं. त्यात खालच्या गिअरमध्ये गाडी चपळ होते, हा वरचा लाभ.

कारखान्यांना जाग आली ती १९७३च्या ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी तेलाचा पुरवठा रोखला तेव्हा. पंपांवर रांगा लागल्या. १९७४च्या जानेवारीत सगळ्या देशात ताशी ५५ मैलांची मर्यादा घालणाऱ्या कायद्यावर सही झाली. १९७५च्या डिसेंबरात सरासरी इंधनक्षमतेचा कायदा झाला. त्यानुसार १९७८च्या मॉडेलांना गॅलनमागे १८ मैल आणि १९८५पर्यंत २७.५ मैल गाठायचे होते. नवी गाडी आखायला वर्षं लागतात, पण गिअरबॉक्स बदलायला तितकी लागत नाहीत.

क्रायस्लरने १९७५साठी जे केलं ते मला आजही अतिशय हुशारीचं वाटतं. नवा बॉक्स न काढता त्यांनी जुन्या ए-८३३चेच दात बदलले. मुळात ज्या जोडीने तिसरा गिअर मिळायचा, त्या जागी ओव्हरड्राइव्हची जोडी घातली. पण मग पंचाईत अशी की, लिव्हर तिसऱ्याच्या जागी ओढला की ओव्हरड्राइव्ह लागणार आणि चौथ्याच्या जागी डायरेक्ट. उपाय काय केला? बॉक्सच्या अंगावरची तिसऱ्या-चौथ्याची छोटी पट्टी उलटी बसवली. पूर्वी ती वरच्या टोकाकडून ओढली जायची, आता खालून, त्यामुळे आतली हालचाल उलटी झाली आणि ड्रायव्हरच्या हाताला क्रम सरळच राहिला. गुणोत्तरं ठरली ३.०९, १.६७, १.०० आणि ०.७३. दुसऱ्या आणि तिसऱ्यामधली दरी मोठी आहे, चढावर ती जाणवते.

१९७६ला त्याच बॉक्सचं कवच अॅल्युमिनियमचं झालं, आणि त्याच्याभोवती दोन खास गाड्या बांधल्या गेल्या: प्लिमथची ‘फेदर डस्टर’ आणि डॉजची ‘डार्ट लाइट’. स्लँट सिक्स इंजिन, अॅल्युमिनियमचा इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांकडे हवा-पेट्रोल नेणारी नळी), बॉनेट आणि डिकीच्या आतल्या पट्ट्याही अॅल्युमिनियमच्या. सरकारी चाचणीत शहरात २४ आणि हायवेवर ३६ मैल. त्या काळच्या चाचण्या उदार होत्या. १९८५पासून हायवेचा आकडा २२ टक्क्यांनी कापायचा नियम आला, तो लावला तर ३६चे २८ होतात, म्हणजे लिटरला १२ किलोमीटर. पावणेचार लिटरच्या इंजिनाच्या, पाच-सहा माणसं बसणाऱ्या गाडीला हे कमी नाही. त्याच वर्षी ह्या घराण्याचं उत्पादन अमेरिकेत थांबलं.

बॉक्स मात्र थांबला नाही. तो पुढे क्रायस्लरच्या इतर गाड्यांत, पिकअपमध्ये आणि व्हॅनमध्ये जात राहिला. ऐंशीच्या दशकात जनरल मोटर्सनेही आपल्या पिकअपसाठी तो विकत घेतला. भंगारात तो मुबलक मिळायला लागला तो असा, आणि हौशी लोकांनी बॉक्स बदलण्याची खरी सुरुवात इथून झाली. १९७३ला गॅलनचा भाव ४० सेंटच्या आतबाहेर होता, १९८१ला तो सव्वा डॉलरच्या वर गेला होता. वर्षाला १२,००० मैल चालणारी आणि २० मैलांचं अॅव्हरेज देणारी गाडी २३ मैल देऊ लागली, तर ७८ गॅलन वाचतात, त्या भावाने जवळजवळ शंभर डॉलर. भंगारातल्या बॉक्सचा खर्च त्यातून निघणं शक्य होतं.

बसवताना अडचणी येतात त्या कागदावर दिसत नाहीत. पुढच्या बेअरिंगचं झाकण ओव्हरड्राइव्हच्या बॉक्सला मोठं असतं, जुन्या बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि बॉक्स जोडणाऱ्या कवचाच्या) भोकात ते जात नाही. जनरल मोटर्ससाठी बनलेल्या बॉक्सचा इनपुट शाफ्ट (इंजिनाकडून फिरणारा दांडा) वेगळा, तो क्रायस्लरला चालत नाही. पिकअपच्या बॉक्सवर लिव्हरची जागा गाडीच्या मानाने चुकीची येते. स्पीडोमीटरचं छोटं दातचक्र अॅक्सल आणि टायरप्रमाणे बदलावं लागतं, नाहीतर काटा खोटं सांगतो आणि अॅव्हरेजचा सगळा हिशेबच फसतो. अॅल्युमिनियमच्या कवचात काउंटरशाफ्टची (आतल्या दुसऱ्या, समांतर दांड्याची) भोकं झिजतात, तिथून तेल गळतं, म्हणून घेताना आधी तीच बघायची.

फोर्ड आणि शेव्हरोलेच्या छोट्या गाड्यांचं वळण वेगळं. बोर्ग-वॉर्नरचा पाच गिअरचा टी-५ ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला एएमसीच्या (अमेरिकन मोटर्सच्या) गाड्यांत आला, १९८३ला फोर्ड मस्टँगमध्ये. शेव्हरोलेच्या छोट्या एस-१० पिकअपमधल्या टी-५चा लिव्हर पुढे असतो, त्यामुळे फोर्ड फाल्कनसारख्या गाड्यांना तो सोयीचा पडतो. ऑटोमॅटिकवाल्यांसाठी फोर्डचा एओडी १९८०ला, जनरल मोटर्सचे २००-४आर आणि ७००-आर४ हे पुढच्या दोन वर्षांत आले. ह्यांच्यात थ्रॉटलला जोडलेली एक केबल असते. ती नीट जुळवली नाही तर आतला दाब कमी पडतो आणि क्लच थोड्याच दिवसांत जळतात. चांगले बॉक्स ह्या एका केबलपायी बदनाम झाले.

आपल्याकडे हा गिअर इंजिनासोबत आला. कुर्ल्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीला चार गिअर, लिव्हर स्टिअरिंगजवळ, चौथा डायरेक्ट. अॅम्बॅसॅडरचंही तसंच. हिंदुस्तान मोटर्सच्या कॉन्टेसाला इसुझुचं १.८ लिटरचं इंजिन मिळालं तेव्हा त्याबरोबर पाच गिअरचा बॉक्स आला, आणि नव्वदच्या दशकात ती जोडी अॅम्बॅसॅडरमध्येही गेली. मारुती ८००ला पाचवा गिअर २०००च्या आसपास मिळाला. इंजिन जुनंच ठेवून निव्वळ ओव्हरड्राइव्हसाठी बॉक्स बदलण्याचं वेड आपल्याकडे फारसं रुजलं नाही, आणि त्याचं कारणही उघड आहे: आपली इंजिनं छोटी होती. ३.७ लिटरच्या इंजिनाकडे हायवेवर जी ताकद शिल्लक असते, ती ११०० सीसीकडे नसते.

डार्टवाल्यांना आज भंगारात ए-८३३चा ओव्हरड्राइव्ह सहज मिळत नाही. क्रायस्लरचा पुढचा ओव्हरड्राइव्ह ऑटोमॅटिक, ए-५००, स्लँट सिक्सला थेट बसत नाही, कारण त्याच्या कवचावरची बोल्टची मांडणी व्ही-८ची आहे. शिवाय त्याचं मागचं अंग जाड असल्यामुळे पायाखालचा बोगदा कापावा लागतो. राहतो टी-५, जो १९९६पासून ट्रेमेक ह्या कंपनीच्या हातात आहे. त्यासाठी अॅडॉप्टर प्लेट, नव्या मापाचा प्रॉपेलर शाफ्ट आणि क्रॉसमेंबर (बॉक्सला खालून धरणारी आडवी पट्टी) करून घ्यावं लागतं. हे सगळं जमवायला घेण्याआधी अॅक्सलचं झाकण उघडून क्राऊनचे दात मोजावेत आणि त्यांना पिनियनच्या दातांनी भागावं. उत्तर २.७६च्या जवळ आलं तर आधी अॅक्सल बदलावं, बॉक्स नंतर.