शुगर निघाली, आता किती वर्षं? रिपोर्ट नेताना वाचावं असं काही

रिपोर्ट हातात घेतला की काउंटरशी वाकून, हळू आवाजात हा प्रश्न विचारणारे बरेच जण असतात. गर्दीत उभ्याउभ्या त्याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून लॅबतर्फे हे पत्रक.

आधी खरं ते सांगतो. मधुमेहाने आयुष्य कमी होतं. किती, हे तो कोणत्या वयात जडला यावर फार अवलंबून असतं. १९ श्रीमंत देशांतल्या सुमारे १५ लाख लोकांच्या नोंदींवरून २०२३ मध्ये हिशेब मांडला गेला. अमेरिकेतल्या मृत्युदरांप्रमाणे, तिशीत मधुमेह झालेल्यांचं आयुष्य सरासरी १४ वर्षांनी, चाळिशीत झालेल्यांचं १० वर्षांनी आणि पन्नाशीत झालेल्यांचं ६ वर्षांनी कमी भरलं. ही सरासरी आहे, तुमच्या कपाळावरची रेघ नव्हे. पण आपल्याकडे हा आजार लवकर गाठतो, त्यामुळे पस्तिशीतल्या माणसाने "थोडीशीच तर आहे" म्हणून रिपोर्ट घडी करून ठेवला की आम्हाला काळजी वाटते. "मी तर बारीक आहे" या भरवशावरही राहू नका. वजनकाट्यावर सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरातही चरबी जास्त असते, हे पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं आहे.

ही वर्षं जातात कुठे? बहुतेकांच्या बाबतीत हृदयविकार, पक्षाघात आणि निकामी झालेलं मूत्रपिंड यांत. वाढलेली साखर रक्तवाहिन्या आतून खराब करत राहते आणि ते करताना दुखत काहीच नाही. "काही त्रास नाही, मग गोळी कशाला?" म्हणून औषध बंद करणाऱ्यांचं नुकसान याच शांत वर्षांत होतं.

आता दुसरी बाजू, आणि आमच्या मते हीच जास्त महत्त्वाची. डेन्मार्कमध्ये १६० मधुमेही लोकांवर एक अभ्यास झाला. त्यांच्या लघवीतून अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) जायला आधीच सुरुवात झाली होती, म्हणजे आजाराचा परिणाम मूत्रपिंडावर दिसू लागला होता. निम्म्यांवर साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, आहार, व्यायाम, तंबाखू असे सगळीकडून एकदम उपचार केले. २१ वर्षांनी पाहिलं, तर हा गट दुसऱ्या गटापेक्षा जवळपास ८ वर्षं जास्त जगला होता. नुसती साखर सांभाळून हे झालं नव्हतं. म्हणूनच शुगरच्या रिपोर्टबरोबर बीपी मोजा, कोलेस्टेरॉल तपासा आणि तंबाखू, मिश्री, बिडी सोडा असं आम्ही सांगत असतो.

तपासणीबद्दल थोडं. दोन दिवस गोड आणि भात बंद करून उपाशीपोटीची शुगर द्यायला येणारे आम्हाला ओळखू येतात. आकडा छान येतो, पण फसवणूक आपलीच होते. एचबीएवनसी तपासणीत मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज मिळतो, तिथे दोन दिवसांचं पथ्य चालत नाही. ६.५ टक्के किंवा जास्त म्हणजे मधुमेह, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर. मात्र रक्त कमी असेल, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असेल (विदर्भातल्या आणि आदिवासी भागातल्या कुटुंबांनी हे जरूर सांगावं) किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल, तर हा आकडा चुकू शकतो. नमुना देतानाच आम्हाला सांगा.

वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिनही तपासून घ्या. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळण्यासाठी रक्तात मोजतात तो घटक) वाढेपर्यंत मूत्रपिंडाचं बरंच नुकसान झालेलं असतं. अल्ब्युमिन त्याच्या कितीतरी आधी इशारा देतं. ही तपासणी लोक सर्रास टाळतात, याचं फार वाईट वाटतं.

आकडा जितका खाली तितकं चांगलं, असंही नाही. घरातल्या आजी-आजोबांची साखर एकदम उतरली तर चक्कर येते, पडणं होतं, जिवावरही बेततं. त्यांच्यासाठी किती आकडा योग्य, हे डॉक्टरांना विचारा. आमचा रिपोर्ट पाहून गोळी स्वतःच वाढवू किंवा बंद करू नका.

एचबीएवनसीसाठी उपाशी यावं लागत नाही. कामावरून परतताना संध्याकाळी नमुना दिलात तरी चालतो. लघवीच्या तपासणीसाठी मात्र सकाळची पहिली लघवी आणा, डबी आमच्याकडून आदल्या दिवशी घेऊन जा. जुने रिपोर्टही जपून ठेवा, डॉक्टरांना ते सगळे एकत्र पाहायचे असतात.