‘एलात्सोए’: भुतांच्या गोष्टीमागचा लिपान इतिहास

डार्सी लिटल बॅजर यांची ‘एलात्सोए’ ही किशोरवयीन वाचकांसाठीची कादंबरी 2020मध्ये आली. तिची नायिका एली 17 वर्षांची आहे, टेक्सासमधली, लिपान अपाचे या अमेरिकेतल्या मूळ आदिवासी जमातीची. मेलेल्या प्राण्यांची भुतं परत बोलावण्याची विद्या तिच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. तिचा कर्बी हा कुत्रा मेल्यावरही तिच्याबरोबर हिंडतो. एके दिवशी नात्यातला भाऊ ट्रेव्हर तिच्या स्वप्नात येतो, आपला खून झाल्याचं सांगतो आणि मारेकऱ्याचं नावही सांगतो. तिथून तपास सुरू होतो. रहस्यकथा म्हणून ती पकड घेतेच. पण लिपानांचं काय झालं हे ठाऊक असेल, तर तीच पानं फार वेगळी वाचली जातात.

लिपान हे अपाचेंमधले पूर्वेकडचे. घोडे हाती आले तसे ते मैदानांत बायसनच्या (अमेरिकेतल्या रानगव्यांच्या) शिकारीवर जगू लागले. अठराव्या शतकात कोमांची या दुसऱ्या आदिवासी जमातीनं त्यांना दक्षिणेकडे रेटलं. स्पॅनिश पाद्र्यांनी 1757मध्ये सान साबा नदीकाठी खास अपाचेंसाठी मिशन, म्हणजे धर्मप्रसाराचं ठाणं उभारलं, पण लिपान काही तिथे वस्तीला आले नाहीत. मार्च 1758मध्ये कोमांची आणि त्यांच्या साथीदारांनी ते जाळलं, दोन पाद्री मारले गेले.

पुढे टेक्सास स्वतंत्र प्रजासत्ताक झालं तेव्हा लिपान त्याचे मित्र होते. 8 जानेवारी 1838 रोजी लाइव्ह ओक पॉइंट इथे तह झाला. लिपान योद्धे टेक्सासच्या रेंजर्स या सशस्त्र दलाला वाटाडे म्हणून साथ देत होते. त्यांतला सर्वांत नावाजलेला तरुण फ्लाको 1842मध्ये मारला गेला. संशय टेक्सासच्याच गोऱ्यांवर होता आणि मैत्रीला तडा गेला तो कायमचा. 1873मध्ये कर्नल मॅकेन्झीच्या अमेरिकन घोडदळानं सरहद्द ओलांडून मेक्सिकोतल्या रेमोलिनोजवळच्या लिपानांच्या आणि किकापू या दुसऱ्या जमातीच्या वस्त्यांवर हल्ला केला. वाचलेल्यांपैकी काही न्यू मेक्सिकोतल्या मेस्कलेरो राखीव भूमीवर गेले, काही मेक्सिकोतच राहिले, तर काही दक्षिण टेक्सासमध्ये मेक्सिकन कुटुंबांत मिसळून, ओळख लपवून जगले. लिपान टेक्सासमधून संपले, असं समजलं जाऊ लागलं.

ते संपले नव्हते, आणि घराघरांतल्या गोष्टी हाच त्यांचा दस्तऐवज होता. 1877मध्ये घोडदळानं पकडलेली केसेटा आणि जॅक ही दोन भावंडं 1880मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल इंडियन स्कूलमध्ये पाठवली गेली. आदिवासी मुलांची भाषा, केस, नावं, सगळं पुसण्यासाठीच ती शाळा होती. टेक्सासमधले त्यांचे नातलग शंभर वर्षांहून अधिक काळ ‘हरवलेल्यां’ची गोष्ट सांगत राहिले. मुलांचं पुढे काय झालं ते त्यांना कळलं नव्हतं. अखेर शाळेची कागदपत्रं आणि घरातली गोष्ट एकमेकांना भेटली. 2009मध्ये नातलग कार्लाइलला गेले आणि त्या दोघांच्या कबरींपाशी विधी केले.

म्हणूनच कादंबरीत एलीची आई तिला कैक पिढ्यांपूर्वीच्या पराक्रमी पूर्वज स्त्रीच्या कथा सांगते, त्या मला कथानकातला विसावा वाटत नाहीत. एलीला तपासात लागणारं ज्ञान त्यांतूनच मिळतं. माणसांची भुतं कधीही जागवायची नाहीत, हा घरातला कडक नियमही हवेतून आलेला नाही. मृताचं नाव उच्चारायचं नाही, त्याच्या वस्तू ठेवायच्या नाहीत, अशी अपाचेंची जुनी रीत होती. एलीला सर्वांत जास्त मोह ट्रेव्हरला परत आणण्याचा होतो, आणि तेच करायचं नसतं.

लेखिका शिक्षणानं समुद्रशास्त्रज्ञ, टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या डॉक्टरेट. त्याची खूणही पुस्तकात सापडते. टेक्सासच्या मोठ्या भागावर कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्र होता, म्हणून एलीच्या हाकेला चक्क ट्रायलोबाइटची, म्हणजे केव्हाच नामशेष झालेल्या कवचधारी समुद्री जिवांची भुतंही येतात! आमंत्रणाशिवाय व्हॅम्पायरला घरात शिरता येत नाही, हा युरोपीय लोककथांतला नियम तर लेखिकेनं कमालीच्या हुशारीनं वापरला आहे. लिपानांचं घर म्हणजे चार भिंती नव्हेत, ती सगळी भूमी. त्यामुळे एली व्हॅम्पायरला त्या भूमीवरूनच चालतं व्हायला सांगू शकते. 1838चा तह आठवला की या प्रसंगाला किती धार येते!

प्रत्यक्षात लिपान अपाचे ट्राइब ऑफ टेक्सास या संघटनेला केंद्र सरकारची मान्यता नाही. याच कारणावरून 2006मध्ये टेक्सासमधल्या मॅकअ‍ॅलनच्या पाववाव या आदिवासींच्या नाचगाण्याच्या समारंभात रॉबर्ट सोटो या लिपान धर्मगुरूंची गरुडाची पिसं केंद्रीय अधिकाऱ्यानं जप्त केली. पिसं बाळगण्याचा परवाना फक्त मान्यताप्राप्त जमातींच्या लोकांनाच मिळत होता. सोटो कोर्टात लढले, 2014मध्ये अपील न्यायालयानं त्यांच्या बाजूनं कौल दिला आणि पिसं परत मिळाली.

2024मध्ये लिटल बॅजर यांनी याच घराण्याची आधीची गोष्ट ‘शेने लेंडे’मध्ये लिहिली. ती एलीच्या आजीच्या तरुणपणाची, 1970च्या दशकातली आहे. त्यात मायलेकी कुत्र्यांना घेऊन हरवलेल्या माणसांचा माग काढतात.