ई-सायकलने वीजबिल फुगतं?

'ई-सायकल घेतली की मीटर पळतं, मग कारच काय वाईट?' ही पारावरची समजूत वर्षानुवर्षं फिरते आहे. बॅटरीवर काय छापलंय ते वाचा. 36 व्होल्ट, 10 अँपिअर-तास असेल तर गुणाकार 360 वॅट-तास; बिलावरचं एक युनिट म्हणजे 1000 वॅट-तास. म्हणजे चार्जरमध्ये वाया जाणारी वीज धरूनही एक पूर्ण चार्जिंग अर्ध्या युनिटच्या आत. आपल्याकडचा कूलर दोन-तीन तासांत तेवढी खातो, त्याला कोणी नावं ठेवत नाही! सेवाग्राम-वर्धा जाऊन-येऊन साधारण 16 किलोमीटर; एका चार्जिंगमध्ये आरामात होतं. कारला त्याच फेरीत लिटरभर पेट्रोल लागतं, बहुतेकदा एकट्या माणसासाठी.

जपायचं ते उन्हाला. मे महिन्यात 45 अंशांत तापलेली बॅटरी आल्याआल्या चार्जिंगला लावू नका. टिनाच्या शेडमधून काढून घरात आधी निवू द्या.