डब्लिनची मैत्रीण, झुरिचची मैत्रीण: युरोपियन युनियन आणि शेंगेन एकच नाहीत

विमानतळावर बॅग टाकायला गेले, तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी माझं जर्मनीचं रेसिडेन्स परमिट दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि विचारलं, "आयर्लंडचा व्हिसा?" तो माझ्याकडे नव्हता. पुण्यात चार वर्षं जिच्यासोबत एका खोलीत काढली ती मैत्रीण डब्लिनला मास्टर्स करत होती. तिचा वाढदिवस होता. आयर्लंड युरोपियन युनियनमध्ये आहे, माझं परमिटही युनियनमधल्याच देशाचं आहे, मग जाता येणारच, असं मी धरून चालले होते. तिकिटाचे पैसे बुडाले. त्याहून जास्त लागलं ते तिला फोन करून "मी येत नाहीये" असं सांगताना.

दोन महिन्यांनी त्याच परमिटवर मी स्टुटगार्टहून झुरिचला गेले, दुसऱ्या मैत्रिणीकडे. स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाही. तरीही गाडीत बसले आणि तीनेक तासांत तिच्या दारात उभी राहिले.

माझी चूक अशी की मी दोन वेगळ्या गोष्टी "युरोप" या एका शब्दात कोंबल्या होत्या. नव्याने आलेली बरीच मुलंमुली हेच करतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

युरोपियन युनियन म्हणजे २७ देशांनी मिळून चालवलेला कारभार: सामायिक बाजारपेठ, सामायिक जकात, सामायिक कायदे. शेंगेन म्हणजे २९ देशांनी आपसातल्या सीमांवरची पासपोर्ट तपासणी काढून टाकली आहे आणि बाहेरची सीमा सगळे मिळून राखतात. या २९ पैकी २५ देश युनियनमधले आहेत. उरलेले चार म्हणजे स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनस्टाइन. उलट बाजूने पाहिलं तर युनियनमध्ये असून शेंगेनमध्ये नसलेले देश दोनच आहेत, आयर्लंड आणि सायप्रस. नेमक्या याच सहा देशांत आपला घोळ होतो. पॅरिस, व्हिएन्ना, प्राग असे फिरत राहिलात तर हा फरक कधी जाणवणारच नाही.

दोन्ही वर्तुळं एकावर एक का बसत नाहीत, हे इतिहासात डोकावलं की कळतं. शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं, मोझेल नदीकाठचं गाव. तिथून जर्मनी आणि फ्रान्स दोन्हींची हद्द हाकेच्या अंतरावर आहे. १४ जून १९८५ रोजी तिथे 'प्रिन्सेस मारी-आस्त्रिद' नावाच्या बोटीवर बेल्जियम, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, लक्झेंबर्ग आणि नेदरलँड्स या पाच देशांनी करारावर सह्या केल्या. तेव्हाच्या युरोपीय समुदायात, म्हणजे युनियनच्या आधीच्या रूपात, दहा देश होते, म्हणजे निम्मे बाहेरच राहिले. हा करार समुदायाच्या चौकटीबाहेर झाला होता. प्रत्यक्ष तपासणी थांबली ती मार्च १९९५ मध्ये, आणि युनियनच्या कायद्यात शेंगेन सामावलं गेलं ते १९९९ मध्ये, ॲमस्टरडॅम करार लागू झाल्यावर.

आयर्लंड बाहेर राहिलं यामागे खरं कारण आहे. ब्रिटनसोबत त्याचं स्वतःचं मोकळ्या येण्याजाण्याचं क्षेत्र आहे, आणि बेटाच्या उत्तरेला ब्रिटनचाच भाग असलेल्या उत्तर आयर्लंडची जमिनीवरची सीमा. शेंगेनमध्ये गेलं असतं तर त्या सीमेवर पासपोर्ट तपासावे लागले असते, आणि ज्या सीमेने इतकी वर्षं रक्तपात पाहिला तिथे पुन्हा चौक्या कुणालाच नको होत्या. स्वित्झर्लंडचं नेमकं उलट. युनियनमध्ये जायचं नाही असं ठरवूनही त्या देशाने ५ जून २००५ च्या सार्वमतात शेंगेनला होकार दिला आणि १२ डिसेंबर २००८ पासून जमिनीवरच्या सीमेवरची पासपोर्ट तपासणी थांबवली.

आता या दोन मैत्रिणींकडे जाताना प्रत्यक्षात काय होतं ते पाहा.

डब्लिनला तुमचा युरो चालतो. जर्मन सिमवर जर्मनीतल्याच दरात बोलता येतं, कारण १५ जून २०१७ पासून युनियनमध्ये रोमिंगचा जादा आकार नाही. सरकारी आरोग्य विम्याच्या कार्डाची मागची बाजू, म्हणजे युरोपियन हेल्थ इन्शुरन्स कार्ड, तिथे चालते. फक्त तुम्हाला आत जाता येत नाही.

झुरिचला फ्रँक लागतात. सिम स्वित्झर्लंडमध्ये शिरताच रोमिंगवर जातं. पॅकमध्ये स्वित्झर्लंड आहे की नाही हे आधी पाहिलं नाही, तर नुसता नकाशा उघडल्याचेही पैसे लागू शकतात. नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनस्टाइन युनियनमध्ये नसले तरी रोमिंगच्या नियमात आहेत, स्वित्झर्लंड नाही. आणि विम्याची गोष्ट फारच थोड्यांना माहीत असते. ते हेल्थ कार्ड स्वित्झर्लंडमध्ये चालतं असं सगळीकडे लिहिलेलं असतं आणि ते खरंही आहे, पण युनियनमधल्या देशांच्या नागरिकांसाठी. आपल्यासारख्या बाहेरच्या नागरिकांना ते स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड, लिश्टेनस्टाइन आणि डेन्मार्कमध्ये वापरता येत नाही. आल्प्समध्ये चालायला जाताय, तर थोड्या युरोंचा वेगळा प्रवास विमा काढाच. तिथे पाय मुरगळला तरी बिल डोळे पांढरे करतं. तर झुरिचला पैसे, फोन, विमा सगळ्याची वेगळी सोय करायची, पण दार मात्र उघडं.

ते दार उघडतं ते परमिटमुळे. शेंगेनमधल्या कुठल्याही देशाचं वैध रेसिडेन्स परमिट आणि पासपोर्ट असेल, तर बाकीच्या शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत राहता येतं. जर्मनीचा डी व्हिसा, म्हणजे दीर्घ मुक्कामाचा व्हिसा, पासपोर्टवर असेल आणि कार्ड अजून हातात आलं नसेल, तरी हेच लागू. स्वतःच्या देशात, म्हणजे माझ्या बाबतीत जर्मनीत, काढलेले दिवस या ९० मध्ये धरत नाहीत. भेटायला, फिरायला जाता येतं. काम करायला नाही. आणि "सीमेवर कुणी विचारत नाही" म्हणून पासपोर्ट खोलीत ठेवून निघू नका. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तात्पुरती तपासणी सुरू केली आणि तिची मुदत वाढत गेली. परतताना गाडीत पोलिस आले तर पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही हवेत. फोटो पुरत नाही.

झुरिचच्या वाटेवर आणखी एक तपासणी असते आणि तिचा शेंगेनशी काही संबंध नाही. ती जकातीची. स्वित्झर्लंड युनियनच्या जकात क्षेत्राबाहेर आहे, त्यामुळे माणूस मोकळा जातो पण सामान अडू शकतं. माझ्या मैत्रिणीने फोनवर फर्माईश केली होती, "येताना चिकन आण गं, इथे परवडत नाही." माणशी एक किलोपर्यंतच मांस जकातीशिवाय नेता येतं, त्याहून जास्त नेलं तर जकात बसते. लोणी आणि क्रीमलाही एक किलोची मर्यादा. आणि १ जानेवारी २०२५ पासून एकूण सामानाची करमुक्त मर्यादा ३०० वरून १५० फ्रँकवर आली. मी मोजून एक किलो नेलं, रविवारी रस्सा केला, आणि दोघी जणी दुपारी तीन वाजेपर्यंत जेवत बसलो.

डब्लिनसाठी काय करायचं? आयर्लंडचा स्वतंत्र व्हिसा. ऑनलाइन अर्ज भरायचा, मग कागदपत्रं पाठवायची. एकदा प्रवेशाच्या व्हिसाचे ६० युरो. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि मी म्हणेन की तेव्हाच करा. व्हिसा हातात येईपर्यंत तिकीट काढू नका. काउंटरवर अडवतात ते उगाच नाही, कागद नसलेला प्रवासी नेला तर विमान कंपनीला दंड होतो. तिथून मैत्रीण "चल, बेलफास्टला जाऊन येऊ" म्हणाली, तरी थांबा. वाटेत चौकी नाही, पण बेलफास्ट उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनमध्ये आहे. आयर्लंडच्या व्हिसावर 'बीआयव्हीएस' (दोन्ही देशांची सामायिक व्हिसा योजना) असं छापलेलं असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर ब्रिटनचा व्हिसा लागतो. सीमा दिसली नाही म्हणजे नियम नाही असं होत नाही, आणि विद्यार्थी व्हिसावरच्या माणसाने तो धोका पत्करूच नये.

(सायप्रस शेंगेनबाहेर असलं तरी शेंगेन देशांची परमिटं स्वतःहून मान्य करतं. त्यामुळे "शेंगेनबाहेर म्हणजे व्हिसा लागणारच" हेही डोळे झाकून धरू नका.)

युरोचं तिसरंच वर्तुळ आहे. डेन्मार्क, स्वीडन, पोलंड, चेक प्रजासत्ताक आणि हंगेरी युनियनमध्येही आहेत, शेंगेनमध्येही, पण युरो वापरत नाहीत. त्याने फक्त पैसे बदलावे लागतात, प्रवास अडत नाही.

येणाऱ्यांच्या बाजूनेही हाच हिशेब आहे. झुरिचची मैत्रीण तिच्या स्विस परमिटवर माझ्याकडे कधीही येऊ शकते. डब्लिनच्या मैत्रिणीकडे युनियनमधल्या देशाचं कार्ड आहे, तरी तिला जर्मनीत यायला शेंगेन व्हिसा काढावा लागतो. फी ९० युरो, सोबत किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा. मला विमानतळावरून परत पाठवलं तेव्हा ती फोनवर एवढंच म्हणाली होती, "मग मी येते." येत्या मे महिन्यात ती खरंच येते आहे. पाच रात्री माझ्याकडे आणि दोन झुरिचला. व्हिसा जास्त मुक्काम असलेल्या देशाकडे मागायचा असतो म्हणून तिने अर्ज जर्मनीकडे केला. झुरिचसाठी तिला वेगळं काहीच काढावं लागलं नाही. तो एकच व्हिसा आम्हा तिघींना सात वर्षांनी एका खोलीत आणेल.