मेलेलं वानर बोलतं, धडधाकट म्हैस नाही

गोचिडीचा ताप म्हटलं की माकडताप आणि काँगो ताप यांची हमखास गल्लत होते. दोन्ही विषाणूंचे, दोन्हींत रक्तस्राव होऊ शकतो. पण पाळत ठेवायची तर दोघांचा माग वेगळ्या जागी काढावा लागतो.

माकडतापाची खबर रान स्वतःच देतं. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि भोवतालच्या गावांत माणसं तापाने फणफणली. २०१५ ला हा ताप गोव्यात सत्तरी तालुक्यात दिसला, २०१६ ला सिंधुदुर्गात दोडामार्गाकडे. म्हणून रानात वानर मेलेलं दिसलं की हात न लावता कळवायचं. मेलेलं अंग थंड पडलं की गोचिडी ते सोडून पाचोळ्यात उतरतात, त्यामुळे त्या जागेभोवती ५० मीटरपर्यंत फवारणी करतात. किती गोचिडी आहेत हे पाहायला पांढरं फ्लॅनेल पाचोळ्यावरून ओढत नेतात. त्याला चिकटतात ती खसखशीएवढी पिल्लं, आणि माणसाला बहुधा तीच चावतात. ही पिल्लं फिरतात, नेमका काजू गोळा करायचा आणि पातेरा (वाळका पाला) आणायचा हंगामही तेव्हाच! माकड मेलं नाही म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. विषाणू उंदीर-चिचुंद्र्यांतही फिरत असतो.

काँगो तापात जनावर काही सांगतच नाही. गाय, म्हैस, शेळी संसर्ग होऊनही खाते-पिते, दूध देते. तिच्या रक्तात प्रतिपिंडं (अँटीबॉडी) आहेत का, हे तपासल्याशिवाय कळत नाही. त्याची गोचीडही निराळी, हायलोमा. ती पाचोळ्यात वाट बघत बसत नाही, भक्ष्याच्या मागे धावते. म्हणून इथे फ्लॅनेलचा फारसा उपयोग नाही. जनावराचा कान, कास आणि गोठ्याच्या भिंतीच्या फटी चाचपाव्या लागतात.

मला मोठा वाटतो तो फरक मात्र माणसापर्यंत आल्यावरचा. माकडताप माणसाकडून माणसाला होत नाही. काँगो ताप बाधित जनावराच्या किंवा रुग्णाच्या रक्तातूनही होतो. जानेवारी २०११ मध्ये अहमदाबादेत साणंदजवळच्या कोलाट गावच्या बाईला तो झाला, आणि तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर व नर्सही गेले. २०२० मध्ये गुजरातेत रुग्ण सापडल्यावर पालघर प्रशासनाने इशारा दिला तो म्हणूनच काजूवाल्यांना नव्हे, तर गोठेवाल्यांना आणि खाटकांना.